नळाचा रक्तदाब

‘दुरुस्तीच्या कामासाठी पाणीपुरवठा चोवीस तास बंद राहील आणि त्यानंतर एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येईल.’ ठाणे, कल्याण, डोंबिवलीत राहणाऱ्यांना ही बातमी इतकी पाठ झाली आहे की ती वाचून आपण एवढेच ठरवतो, पिंप आज भरायचे की उद्या सकाळी. सरकारी रुग्णालयात बरीच वर्षे काढल्यावर मला मात्र या बातमीचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त काळजीचा वाटतो. पाणी बंद असते त्या दिवशी घर सावध असते, साठवलेले पाणी जपून वापरते. पाणी कमी दाबाने येते त्या दिवशी घाई सुरू होते. कुणी नळाला मोटर लावतो, कुणी पाइपला तोंड लावून पाणी ओढतो, कुणी पहिल्या धारेचे गढूळ पाणी ‘असू दे, आलेय तर भरून घेऊ’ म्हणून हंड्यात घेतो. त्याचा हिशेब आमच्या ओपीडीत होतो. जुलाब-उलट्यांचा दोन-चार दिवसांत, विषमज्वराचा दोन-तीन आठवड्यांनी, आणि काविळीचा कधी कधी महिना-दीड महिन्याने, म्हणजे ती बातमी घरातला प्रत्येक जण विसरून गेल्यावर.

म्हणून आज पाण्याच्या दाबाबद्दल. तो का कमी होतो, घरच्या घरी कसा ओळखायचा, कुठे स्वतः हात घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही.

हा विषय डॉक्टरने का लिहावा, असे वाटेल. पण दाब मोजण्याची विद्या आमच्या धंद्यात आणि प्लंबरच्या धंद्यात जवळजवळ एकाच घरातून आली. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने घोडीच्या रक्तवाहिनीला काचेची उभी नळी जोडली आणि रक्त आठ फुटांहून वर चढलेले पाहिले. ते त्याने १७३३ साली छापले. नळीतून द्रव किती वाहतो याचे गणित मांडणारा फ्रान्सचा प्वाझय हा तर शिकलेला डॉक्टरच होता. केशवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे त्याला जाणून घ्यायचे होते.

गंमत अशी, की माणसाचा वरचा रक्तदाब १२० असतो तो पाऱ्याचा मिलिमीटरमध्ये. तोच पाण्यात मोजला तर होतो साधारण १६३ सेंटिमीटर, म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढा. आपले हृदय एवढ्या दाबावर आयुष्यभर काम करते. प्लंबर ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतो, तो दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब, हृदयाच्या दाबाच्या सहापट. तेव्हा नळाची कुरकुर करताना हृदयाचाही थोडा आदर करावा.

बाळकुममधले दोन आजार

बाळकुम नाक्यावर उभे राहिले की हा सगळा विषय डोळ्यांसमोर दिसतो. एकीकडे जुने गावठाण आणि पाड्यांमधली बैठी, दुमजली घरे. त्यांचा नळ पालिकेच्या वाहिनीला थेट जोडलेला. दुसरीकडे ढोकाळी, कोलशेत, कापूरबावडीच्या बाजूला वाढत गेलेले उंच मनोरे. तिथे पालिकेचे पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवर चढते आणि तिथून घराघरांत उतरते. मधून मेट्रोचे खांब आणि त्यासाठी झालेले खोदकाम. दोन्हीकडची माणसे तक्रार एकच करतात, ‘पाण्याला फोर्स नाही.’ पण ताप म्हणून आलेल्या दोन रुग्णांचा आजार जसा एक नसतो, तशी ही तक्रारही एक नाही.

मनोऱ्यातल्या माणसाच्या शॉवरचा पालिकेच्या वाहिनीतल्या दाबाशी काही संबंध नसतो. टाकीत पाणी आहे ना, मग त्याचा दाब ठरतो गच्चीवरची टाकी त्याच्या नळापासून किती उंच आहे त्यावर. एक मजला म्हणजे ढोबळमानाने तीन मीटर. सर्वात वरच्या मजल्यावर टाकीचा तळ आणि शॉवर यांत जेमतेम दोन मीटर अंतर उरते. म्हणजे दाब ०.२ किलो. सहा मजले खाली तोच दोन किलोच्या आसपास जातो. आणि तीस मजल्यांच्या इमारतीत काहीच उपाय केला नाही, तर पहिल्या मजल्यावर नऊ किलो होईल, जो घरातल्या नळांना आणि गीझरला सोसणार नाही. म्हणून अशा इमारतीत मधल्या मजल्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात, ज्यांना प्लंबर ‘पीआरव्ही’ म्हणतात. त्यांच्या आधी एक गाळणी असते. ती गाळाने भरली की त्या टप्प्यातल्या चार-सहा मजल्यांचे पाणी एकदम मंदावते आणि वरच्या-खालच्या मजल्यांना काहीच कळत नाही. मग प्रत्येक घरातला माणूस स्वतंत्रपणे प्लंबर बोलावतो, स्वतंत्रपणे नळ बदलतो आणि स्वतंत्रपणे सेक्रेटरीशी भांडतो. खरा उपाय एक गाळणी धुण्याचा असतो.

बैठ्या घराचे उलट. तिथे रस्त्यावरच्या वाहिनीत दाब असेल तरच घरात पाणी. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत एकमजली वस्तीसाठी वाहिनीत किमान ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तीन मजल्यांसाठी १७ मीटर उंचीएवढा दाब राहावा असे म्हटले होते. ठराविक तासच पाणी सोडणाऱ्या आपल्या शहरांत, पाणी सुटल्याबरोबर सगळ्यांचे नळ एकदम उघडल्यावर, तो किती राहतो हे वाचकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कल्याण-डोंबिवलीत २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झालेल्या २७ गावांतली माणसे तर यावर ग्रंथ लिहितील.

आधी चार प्रश्न

रुग्ण आला की आम्ही तपासणीआधी विचारतो: कधीपासून, कुठे, कशाने वाढते, घरात आणखी कुणाला? पाण्यालाही हेच विचारावे. एकाच नळाला धार कमी आहे की सगळ्या? फक्त गरम पाण्याला की दोन्हींना? शेजारी, वर, खाली काय स्थिती आहे? हळूहळू झाले की एका दिवसात? एवढ्या उत्तरांवर निम्मे निदान होते, आणि त्यासाठी कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत.

एकच नळ मंद असेल तर दोष बहुतेक वेळा त्या नळाच्या तोंडाशी असतो. तोंडावरची जाळी हाताने किंवा फडके गुंडाळून पान्ह्याने उघडा. आत वाळू, गंज, पांढरे खडे सापडतील. जाळी अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या ब्रशने घासली की काम होते. शॉवरचेही तसेच. हे पांढरे खडे क्षारांचे. भातसा आणि उल्हास या नद्यांचे पाणी तसे मृदू असते. पण टंचाईत टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी मिसळले, की थर वाढू लागतो. खाडीच्या काठी बोअर बहुधा मचूळच लागते. जाळी स्वच्छ असूनही धार येत नसेल तर बेसिनखालचा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे का पाहा. घरकाम करताना कुणाचा तरी हात लागून तो अर्धा बंद झालेला असतो आणि घरात महिनाभर नवीन नळाची चर्चा चालू असते.

फक्त गरम पाणी कमी येत असेल तर गीझर पाहावा. त्याच्या पाण्याच्या तोंडाशी असलेला एकदिशा व्हॉल्व्ह अडकतो किंवा आत क्षार साचतात. हे काम प्लंबरचे किंवा गीझरवाल्याचे. तुम्ही करायचे ते एवढेच, की आधी विजेचे बटण आणि फ्यूजपेटीतला स्विच बंद करायचा. आणि गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून त्याला बूच मारायचे नाही. तो थेंब गीझर फुटू नये म्हणून पडत असतो.

सगळ्याच नळांना पाणी कमी असेल तर पुढचा प्रश्न महत्त्वाचा, आणि तो आमच्याकडच्या तपासणीसारखाच आहे. रुग्ण बसलेला असताना ठीक आणि जिना चढला की धाप लागते, तर अडथळा शोधावा लागतो. नळ उघडल्यावर पहिला क्षणभर धार जोरात येते आणि लगेच मरते का? दुसरा नळ उघडला की पहिल्याचा जीव जातो का? तसे असेल तर दाब आहे, वाट अरुंद आहे. अर्धा बंद गेट व्हॉल्व्ह, गंजलेला जुना लोखंडी पाइप, गाळाने भरलेली गाळणी, यांपैकी काहीतरी. पाइप अरुंद होण्याचा परिणाम आपल्याला वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. पाण्याच्या पाइपची आतली रुंदी निम्मी झाली तर पाणी निम्मे होत नाही, साधारण एक षष्ठांश होते. रक्तवाहिनीत तर प्वाझयच्या नियमाने एक सोळांश. अर्ध्या इंची लोखंडी पाइप वीस-पंचवीस वर्षांत आतून गंजाने भरतो, तेव्हा त्याला मोठा पंप लावणे म्हणजे चोंदलेल्या धमनीवर नाडी जोरात चालवण्याचे औषध देणे. पाइप बदलावा.

धार पहिल्यापासूनच मलूल असेल, दुसरा नळ उघडल्याने फारसा फरक पडत नसेल, तर दाबच कमी आहे. वरच्या मजल्यावर हे मोजायला हेल्सची पद्धत उत्तम. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी चार-पाच मीटर घ्या, नळाच्या तोंडाला घट्ट बसवा, दुसरे टोक वर धरा आणि नळ उघडा. नळीत पाणी जिथे थांबेल तेवढा तुमचा दाब, मीटरमध्ये. दोन मीटरच चढले तर कोणताही महागडा शॉवर लावून पावसाची मजा येणार नाही. टाकी उंच करणे, किंवा टाकीतून निघणाऱ्या पाइपवर छोटा बूस्टर पंप बसवणे, हे दोनच मार्ग. सोबत बादलीची चाचणी करावी. दहा लिटरची खूण असलेली बादली भरायला किती सेकंद लागतात? एक मिनिट लागला तर मिनिटाला दहा लिटर. स्वयंपाकघरात पाच-सहा लिटर पुष्कळ झाले. तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजला तर ‘पूर्वी जास्त यायचे’ या वाक्याला पुरावा मिळतो.

टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर नळ फुरफुरत असेल, थांबून थांबून येत असेल, तर पाइपात हवा अडकली आहे. सर्वात खालचे नळ पूर्ण उघडे सोडले की ती बहुधा निघते. वारंवार होत असेल तर गच्चीवर उतरत्या पाइपला हवा जाण्यासाठी उभी नळी आहे का आणि तिचे तोंड कुणी बंद केले आहे का, ते पाहावे. पाइपला तोंड लावून ओढणे किंवा फुंकणे मात्र नको. त्या पाइपात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसते.

गटार आणि मोटर

आता दाबाची खरी वैद्यकीय बाजू. ठाण्याचे पाणी चार ठिकाणांहून येते: महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. शुद्धीकरण केंद्रातून ते पिण्यालायक होऊन निघते. घरापर्यंतच्या वाटेवर, आणि विशेषतः गल्लीतल्या शेवटच्या शे-दोनशे मीटरमध्ये, त्याचे काय होते ते दाबावर ठरते.

वाहिनीत दाब भरपूर असताना तिला भोक पडले तर पाणी बाहेर उडते. वाया जाते, पण आतले पाणी स्वच्छ राहते. दाबच तिथे पहारेकरी असतो. पाणी बंद झाले की वाहिनी हळूहळू रिकामी होते, उताराच्या दिशेने पाणी ओढले जाते आणि त्याच भोकातून बाहेरचे आत येऊ लागते. बाहेर काय असते? आपल्याकडे बहुतेक जुन्या वस्त्यांत घराघरांचे नळाचे पाइप गटाराच्या कडेने, कित्येकदा गटारातूनच गेलेले असतात. दोन तासांनी पाणी सुटते तेव्हा आत शिरलेला हा ऐवज पहिल्या धारेबरोबर पहिल्या घरात पोहोचतो.

यात मोटर आली की रोगाला निमंत्रणच मिळते. टाकीतले पाणी वर चढवणारा पंप वेगळा आणि पालिकेच्या नळाला थेट लावलेली मोटर वेगळी. दुसरी म्हणजे शहाळ्यातली स्ट्रॉ आहे. शहाळे भरलेले असेपर्यंत ठीक, संपत आले की ती हवाही ओढते आणि तळाचा गाळही. वाहिनीत पाणी कमी असताना मोटरने ओढले की तिथला दाब शून्याच्याही खाली जातो आणि गटाराच्या पाण्याला आत यायला जोर मिळतो. ते मोटरवाल्याच्याच घरात जाईल असेही नाही. मधल्या कुणाकडेही जाईल. शिवाय त्याने ओढल्यामुळे पुढच्या घराचे पाणी जाते, म्हणून तोही मोटर आणतो. अशी गल्लीच्या गल्ली मोटरवर जाते आणि शेवटच्या घरातली म्हातारी तिसऱ्या गल्लीतून हंडे वाहते. नळाला थेट मोटर लावणे बेकायदा आहे, पालिका त्या जप्तही करतात. तरी माझा अनुभव असा, की कायद्याची भीती घातल्याने मोटर निघत नाही. शेजारच्या घरातल्या गरोदर सुनेबद्दल सांगितल्यावर निघाल्याची उदाहरणे आहेत.

गरोदर सुनेचे कारण सांगतो. गटाराच्या पाण्यातून येणारी कावीळ दोन प्रकारची, हिपॅटायटिस ए आणि ई. मोठ्या माणसांत आपल्याकडे उद्रेक होतात ते बहुतेक ‘ई’चे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत नजफगढ नाल्याचे मैलापाणी यमुनेतल्या वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. क्लोरीन वाढवल्यामुळे विषमज्वराची साथ आली नाही, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. तो हिपॅटायटिस ई होता, हे कित्येक वर्षांनी साठवलेल्या नमुन्यांवरून कळले. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ मध्ये याच विषाणूची मोठी साथ आली. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाला तर मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार-पाच जणींतली एक. एरवी धडधाकट असलेली मुलगी दोन दिवसांत बेशुद्ध होते, आणि आमच्या हातात आधार देणाऱ्या उपचारांपलीकडे फारसे काही नसते. विषाणू शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. म्हणून घरचे लोक ‘काल बाहेर काही खाल्ले का’ शोधत बसतात आणि महिन्यापूर्वी चार दिवस नळाला वास येत होता, हे कुणाला आठवत नाही. मी काविळीच्या रुग्णाला पाण्याचा इतिहास दोन महिने मागे जाऊन विचारतो.

पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव परिसरात जानेवारी २०२५ पासून गियाँ-बारे सिंड्रोमचे दोनशेहून अधिक रुग्ण आढळले, तेही वाचकांना आठवत असेल. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि पाण्याकडे संशयाचे बोट गेले. जुलाबांसारखा किरकोळ आजार होऊन गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पायांना मुंग्या, मग अशक्तपणा, तो खालून वर चढत जाणारा. असे झाले तर ‘बी-ट्वेल्व्ह कमी असेल’ म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

चोवीस तास दाबाखाली पाणी ठेवले तर आजार कमी होतात का, याचा चांगला अभ्यास आपल्या शेजारी, हुबळी-धारवाडमध्ये झाला. शहराच्या काही भागांना अखंड पाणी आणि बाकीच्यांना थांबून थांबून, अशी स्थिती होती. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत लहान मुलांच्या साध्या जुलाबांत एकंदरीत फरक दिसला नाही. अखंड पाणी म्हणजे जादू नव्हे, हात आणि भांडीही असतात. पण गरीब घरांतल्या मुलांत रक्ती जुलाब कमी होते आणि अखंड पाणी असलेल्या घरांत विषमज्वराचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी होते. तिथल्याच पाण्याच्या तपासणीत असेही दिसले होते, की पाणी सुटल्यावरची पहिली धार आणि दाब घसरलेला असतानाचे पाणी जास्त दूषित असते.

त्यातून घरात करण्यासारखी एक साधी गोष्ट निघते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी पिण्यासाठी भरू नका. ते बादलीत धरून शौचालयाला, लादीला वापरा. धार जोरात आणि स्वच्छ झाली की पिण्याचे हंडे भरा आणि पाणी जायला लागण्याआधी थांबा. शटडाऊननंतर पहिले दोन दिवस पिण्याचे पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते, नंतर झाकून गार करा. ‘आमच्याकडे फिल्टर आहे’ हे उत्तर मला रोज मिळते. फिल्टर असतो, पण दात घासायचे, भाजी धुवायचे आणि लहान मूल आंघोळीत तोंडात घेते ते पाणी नळाचेच असते.

आरोग्य कर्मचारी ‘ओटी टेस्ट’ करतात, ती तुम्हालाही करून घेता येते. पाण्याच्या नमुन्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. रोज पिवळे होणारे पाणी एखाद्या दिवशी बिनरंगी राहिले, तर पुरवठ्यात क्लोरीन कमी पडले असेल, किंवा वाटेत शिरलेल्या घाणीशी लढताना ते संपून गेले असेल. दोन्ही गोष्टी पालिकेला त्याच दिवशी कळवण्यासारख्या आहेत. पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून तक्रार करणारे खूप भेटतात. वास यायचा बंद झाला म्हणून तक्रार करणारा मला क्वचितच भेटला.

मोटरऐवजी काय

बैठ्या घराने मोटर काढून टाकली तर करायचे काय, हा प्रश्न रास्त आहे. जमिनीलगत पाचशे लिटरची झाकणाची टाकी ठेवावी, तिला बॉल कॉक बसवावा, ती पालिकेच्या दाबावर जेवढी भरेल तेवढी भरू द्यावी आणि मग त्या टाकीतून पंपाने पाणी वर न्यावे. जमिनीलगत असल्याने कमी दाबातही ती भरते, आणि पंप टाकीतून ओढतो, वाहिनीतून नाही. तरीही शेजाऱ्यापेक्षा फारच कमी येत असेल तर मुख्य वाहिनीला जोडणी जिथे बसते तो फेरूल किंवा तिथून घरापर्यंतचा पाइप चोंदलेला असतो. तो परवानाधारक प्लंबरकडून, पालिकेला कळवून बदलावा आणि बदलतानाच गटाराच्या बाहेर, गटाराच्या पातळीपेक्षा वर घ्यावा. हा खर्च आहे. पण एका काविळीच्या रुग्णाचे बुडालेले रोज मोजले तर तो फारसा वाटत नाही. पाच-सहा घरांनी मिळून केला तर आणखी हलका.

मनोऱ्यातल्या वाचकांनी इथे निर्धास्त होऊ नये. गच्चीवरून जोरात येणारे पाणी स्वच्छ असतेच असे नाही. त्यांचा धोका जमिनीखालच्या टाकीत असतो. तिचे झाकण पार्किंगच्या पातळीला, शेजारी ड्रेनेजचा चेंबर आणि पावसाळ्यात दोन्हींवर एकच तळे. टाकी सहा महिन्यांनी रिकामी करून धुवावी, कडा जमिनीपेक्षा उंच कराव्यात, झाकण घट्ट असावे. निर्जंतुकीकरणासाठी एक हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर, आधी बादलीत कालवून, वरचे निवळलेले पाणी टाकीत ओतायचे आणि तासभर वापर थांबवायचा. जुनी, उघडी राहिलेली पावडर निरुपयोगी असते. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र मात्र कधीही आणू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद टाकीत उतरलेला माणूस गुदमरतो. क्षार काढायचे ॲसिडने आणि जंतू मारायचे ब्लीचिंगने, हे एकाच दुपारी उरकायचा मोह टाळावा. पाण्याच्या टाकीत एकट्या माणसाला उतरवू तर अजिबात नये.

कमी दाबाचा आणखी एक परिणाम घराघरांत दिसतो, तो म्हणजे साठवण. पिंपे, बादल्या, हंडे, माळ्यावरची टाकी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पंख फुटून बाहेर पडतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून आतून घासायची. घासायचे यासाठी, की अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसते ओतून जात नाहीत. ज्या घरात पाण्याची खात्री नाही त्या घराला ‘पाणी ओतून द्या’ हा सल्ला क्रूर वाटतो. त्यांनी निदान पिंपाला जुन्या साडीचे दुहेरी फडके दोरीने घट्ट बांधावे.

आणि बाथरूममधला एक अपघात, जो दाबाशी जोडला जात नाही. थंड पाण्याचा दाब कमी असलेल्या घरात मिक्सरखाली कुणी आंघोळ करत असताना दुसऱ्या खोलीत फ्लश ओढला, की थंड पाणी क्षणभर नाहीसे होते आणि अंगावर फक्त गीझरचे पाणी येते. म्हातारी माणसे आणि मधुमेहाने पायांची संवेदना गेलेले रुग्ण भाजून येतात ते असे. त्यांच्यासाठी बादलीच बरी. आधी थंड पाणी, मग गरम, आणि हात घालून पाहिल्यावरच आंघोळ.

पालिकेकडे तक्रार करताना ‘पाणी येत नाही’ एवढेच लिहिले तर ती ‘ताप येतो’ एवढेच सांगणाऱ्या रुग्णासारखी होते. पाणी किती वाजता सुटते, किती वाजता जाते, दहा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो, कोणत्या तारखेपासून बदल झाला, आजूबाजूच्या किती घरांना तोच त्रास आहे, जवळपास खोदकाम झाले का, वास किंवा रंग आहे का, ओटी टेस्टला रंग आला का, हे कागदावर लिहून द्या. गल्लीत एकाच पंधरवड्यात दोन घरांत कावीळ किंवा चार घरांत जुलाब दिसले तर तीच माहिती जवळच्या आरोग्य केंद्रातही द्या, पाणी विभागाच्या माणसाची वाट न पाहता. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेलेली, असे गरोदर बाईला झाले असेल तर गळ्यात माळ घालून कावीळ उतरवणाऱ्याकडे नेऊ नका. त्याच दिवशी प्रसूतीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्या आणि आत शिरताच किती महिने झाले ते सांगा.